क्लचची धूळ कोण खातं?

आमच्याकडे एक म्हण आहे : बनी तो बनी, नहीं तो परभणी. बाहेरचे लोक ती आम्हाला चिडवायला वापरतात, आम्ही कौतुकाने वापरतो. आबांची फियाट ढकलत ढकलत जिंतूर रोडवरच्या गॅरेजात नेली, तेव्हा चाचांनी बोनेटवर थाप मारून हीच म्हण म्हटली आणि कामाला लागले.

गाडी 1973 ची. कागदावर प्रीमियर प्रेसिडेंट, पण घरात कायम फियाटच. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. हीच गाडी पुढे पद्मिनी झाली, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर फिरली, आणि 30 ऑक्टोबर 2023 ला टॅक्सी म्हणूनही रस्त्यावरून गेली. आबा मानवतला आडतीचं काम करायचे. ते गेल्यावर गाडी अकरा वर्षं वाड्यात उभी होती. मला ती पुन्हा चालवायची होती, आणि आबांनी चालवली तशीच. सगळं ओरिजनल. या शब्दाने पुढे मला फार छळलं.

इंजिन दोन दिवसांत सुरू झालं. पण गिअर पडेना. क्लच दाबून पहिला टाकायला गेलं की नुसतं कर्रर्र. ज्यांनी फक्त ॲक्टिव्हा चालवली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट नावाची चकती असते, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात दाबून धरलेली. पेडल दाबलं की पकड सुटते, पाय काढला की हळूहळू पुन्हा बसते. चकतीच्या दोन्ही बाजूंना रिबिटांनी ठोकलेलं लायनिंग असतं. प्रत्येक वेळी धरताना ते थोडं झिजतं. गिअरबॉक्सला धक्का बसू नये म्हणून झिजायचं काम त्याच्याकडे दिलेलं असतं.

आमच्या गाडीत अकरा पावसाळ्यांची दमट हवा खाऊन फ्लायव्हीलला गंज चढला होता आणि प्लेट त्याला चिकटून बसली होती. मोकळ्या मैदानात नेऊन, वरचा गिअर टाकून, क्लच दाबून ठेवून ब्रेक मारायचा, म्हणजे कधी कधी प्लेट झटक्याने सुटते. तेही करून पाहिलं. नाही सुटली. शेवटी गिअरबॉक्स उतरवावा लागला.

दरम्यान मी फोनवर शोधून एक खजिना मिळवला होता. त्याच काळातली क्लच प्लेट, न वापरलेली, जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. नव्या प्लेटपेक्षा कितीतरी महाग. तरी घेतली, कारण ती ओरिजनल होती.

गिअरबॉक्स खाली आला. आत राखाडी-काळी धूळ साचलेली होती. चाचांनी हाक मारली, "हवा मार रे उसमें." अठरा-एकोणीस वर्षांचा पोऱ्या कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन वाकला. तेवढ्यात मी ओरडलो, "थांब!"

कारण खजिना शोधतानाच मी एक गोष्ट वाचली होती. त्या काळच्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. उष्णता सहन करतं, घर्षणाला टिकतं, स्वस्त पडतं. पण त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात, आणि आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना कर्करोगकारक मानते. अशी धूळ उघड्यावर कोरड्या हवेने उडवायला अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत मनाई आहे.

चाचा हसले. "चालीस साल खाई ये धूल. मेरे को क्या हुआ?"

त्यांना खरंच काही झालेलं नाही. साठी ओलांडूनही जिना धाप न लागता चढतात. एका गाडीच्या धुळीने तो पोरगा आजारी पडेल असं मीही म्हणत नाही. पण तो एकाच गाडीची धूळ खाणार नाही. माझी हौस एका गाडीपुरती आहे, त्याची नोकरी रोजची आहे.

तत्त्वज्ञानात थीसियसच्या जहाजाचा एक जुना प्रश्न आहे. प्लूटार्कने तो नोंदवला आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की नवी बसवायची. मग सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिलं का? दोन हजार वर्षं लोक यावर वाद घालत आहेत. मीही गाडीबद्दल हाच विचार करत होतो. पण त्या दुपारी वाटलं, या गोष्टीत एक माणूस राहूनच गेलाय. फळ्या बदलणारे सुतार कोण होते? त्या कामात त्यांचे हात कापले का? जहाज तेच राहिलं की नाही हे विचारणारे आपण किनाऱ्यावर उभे असतो.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांचं आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षं ठेवा, असंही सांगितलं. चाचांच्या पोऱ्याची नोंद कुठल्या वहीत आहे? हजेरीचीच वही नाही, तर फुप्फुसांची कुठून असणार. त्याच्यासाठी जे काही पाळायचं, ते गाडी घेऊन येणाऱ्याने आणि चाचांनीच पाळायचं.

कायद्याकडूनही मला आडोसा मिळाला नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायचे नियम 2021 मध्ये आले. गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको, असं ते सांगतात. क्लच प्लेटचा त्यात उल्लेखही नाही. म्हणजे त्या खोक्यातल्या प्लेटचा हट्ट फक्त माझाच होता.

घरी येऊन आबांची फाइल काढली. त्यात गॅरेजची बिलं निघाली. आबांनी स्वतः तीन वेळा क्लच प्लेट बदलली होती, एकदा तर जुन्याच प्लेटला लायनिंग ठोकून घेतलं होतं. ज्या ओरिजनलच्या मागे मी लागलो होतो, ते आबांच्या गाडीत आबांच्या हयातीतच उरलेलं नव्हतं. आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. सोमवारी बाजार होता, गाडी निघायला हवी होती, एवढंच.

मग आम्ही असं केलं. हवा मारली नाही. धुळीवर पाणी फवारून ती ओली केली, फडक्याने पुसली, फडकी पिशवीत घालून बांधली. पोऱ्याला मास्क दिला, मीही लावला, चाचांनी लावला नाही. फ्लायव्हील टर्निंगला पाठवलं. ॲस्बेस्टॉस नसलेल्या लायनिंगची नवी प्लेट आणि नवं रिलीज बेअरिंग बसवलं. ती खोक्यातली प्लेट विकता आली असती. पण विकली, तर ती कुठल्यातरी दुसऱ्या गॅरेजातल्या दुसऱ्या पोऱ्यापुढे उघडली जाणार. म्हणून ती तशीच बंद खोक्यात माझ्याकडे आहे. तिचं नेमकं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही.

जुनी वस्तू जपणं मला आजही चांगलंच वाटतं. पण जपताना एक हिशेब मांडायला हवा : माझ्या आठवणीसाठी झिजतंय कोण? लायनिंग झिजलं तर बदलता येतं. ते झिजण्यासाठीच बनवलेलं असतं.

परवा गाडी मानवतपर्यंत नेली. क्लच मऊ झालाय, दुसऱ्या गिअरला थोडी थरथरते. परतताना गॅरेजपाशी थांबलो. पोऱ्या एका टेम्पोच्या खाली होता, हातात तोच हवेचा पाइप. मला बघून त्याने पाइप बाजूला ठेवला आणि पाण्याची बाटली उचलली. मी गेल्यावर त्याने परत काय उचललं, मला माहीत नाही.