कुणाचं तरी गाव

आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत पवित्र शास्त्र ओळीने वाचायची रीत होती. यहोशवाचा पंधरावा अध्याय आला की आम्हा मुलांची चुळबुळ सुरू व्हायची. यहूदा वंशाच्या वाट्याला आलेल्या गावांची ती लांबलचक यादी; त्यात बहुतेक नावंच नावं. आजी मात्र प्रत्येक नावाखाली बोट फिरवत सावकाश वाचायची, एकही गाळायची नाही. आम्ही कुरकुरलो की म्हणायची, "कुणाचं तरी गाव आहे ते."

तिसऱ्या शतकात ओरिगेन हा भाष्यकार कैसरियात यहोशवावर प्रवचनं देत होता. ही रुक्ष नावं ऐकायची कशाला, हा प्रश्न त्याच्याही समोर होता. अर्थ कळला नाही तरी ती कानी पडल्याने आत्म्याचं भलंच होतं, असं तो सांगे. त्याच्या लेखी कनानची वाटणी म्हणजे स्वर्गीय वाटणीची छाया होती आणि प्रत्येक नावात एक आतला अर्थ दडलेला होता. योहान बाप्तिस्मा देत होता ते ठिकाण बेथानी नसून बेथबारा असावं, असं त्याने मांडलं, त्यासाठी त्या नावाच्या अर्थाचाही आधार घेतला. पण त्याआधी तो स्वतः त्या भागात फिरून आला होता. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ठिकाणाच्या नावात अर्थ शोधायची ही वाट मात्र ओरिगेनच्या कितीतरी आधी पडली होती, खुद्द शास्त्रातच. यहोशवाच्याच पुस्तकात अखान नावाच्या माणसाने लुटीतला एक झगा, 200 शेकेल चांदी आणि सोन्याची एक वीट आपल्या तंबूत पुरली. त्यापायी त्याला मुलाबाळांसह ज्या खोऱ्यात दगडांनी मारून वर दगडांची रास रचली, त्याला अखोर, म्हणजे संकटाचं खोरं, असं नाव पडलं. कितीतरी पिढ्यांनी होशेय संदेष्टा उठला आणि तेच खोरं आशेचं दार होईल, असं म्हणाला. त्याने जागा बदलली नाही, नावही पुसलं नाही. त्या दगडांच्या राशीकडे पाठ न फिरवता तो बोलला, म्हणून त्याचा शब्द मला खरा वाटतो.

लेवी वंशाची गोष्ट याच्या जोडीची. बाकीच्या वंशांना चिठ्ठ्या टाकून जमीन मिळाली, लेव्यांना राहायला 48 नगरं आणि भोवतीची कुरणं मिळाली, पण वंशाचा असा मुलूख नाही. परमेश्वर हेच त्यांचं वतन. पुढे स्तोत्रकर्त्याने हीच भाषा आपल्या भक्तीसाठी घेतली, आणि नव्या करारात तर वतन स्वर्गातच जाऊन पोचलं.

'वतन' हा शब्द आपल्या मराठी शास्त्रातला. तो वाचताना आपल्या कानांना दुसरंही काही ऐकू येतं. पाटील-देशमुखांची वतनं ऐकू येतात, तसंच महार वतनही. जमिनीचा तुकडा देऊन पिढ्यान् पिढ्या गावाची चाकरी गळ्यात बांधणारं ते वतन मोडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. प्रत्यक्ष कायद्याने ती वतनं गेली तीन दशकांनी. म्हणून 'तुझं वतन वर आहे' असं भूमिहीन माणसाला सांगताना जीभ अडखळली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आणि यहोशवाच्या यादीतल्या गावांत आधी कनानी माणसं नांदत होती, हेही विसरून चालायचं नाही. आजीचं वाक्य त्यांनाही लागू आहे.

शास्त्रातल्या गावांची नावं तिथल्या लोकांच्या तोंडी टिकून होती. 1838 मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक पॅलेस्टाइनात जुनी ठिकाणं शोधत फिरला, तेव्हा त्याला वाट दाखवली ती तिथल्या अरब गावकऱ्यांच्या तोंडच्या नावांनी. जेरुसलेमच्या ईशान्येला अनाता नावाचं खेडं होतं. तेच शास्त्रातलं अनाथोथ, हे त्याने ओळखलं.

अनाथोथ हे त्या 48 नगरांपैकी एक, आणि यिर्मया संदेष्टा तिथल्याच याजकांच्या घरातला. ज्यांचं वतन परमेश्वर, त्या वंशाचा माणूस. बाबेलच्या फौजेने जेरुसलेमला वेढा घातलेला, तो स्वतः पहाऱ्यात अडकलेला, आणि अशा वेळी चुलतभाऊ हनमेल अनाथोथचं शेत विकायला आला. देवाने घे म्हटलं म्हणून यिर्मयाने ते घेतलं. 17 शेकेल चांदी तागडीत तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताच्या दोन्ही प्रती, मोहोरबंद आणि उघडी, आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. या देशात पुन्हा घरं, शेतं नि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. त्याला स्वतःला मात्र पुढे लोकांनी मिसरात नेलं.