अवधूताचे दोन पक्षी

भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांची जी भेट वर्णिलेली आहे, तिच्यातला राजाचा प्रश्न मोठा व्यवहारी आहे: अंगी सामर्थ्य, वाणी आणि बुद्धी असूनही कसलाच उद्योग न करता भटकणारा हा पुरुष इतका प्रसन्न कसा? उत्तरादाखल अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सादर करतो, आणि तीत पृथ्वी, वायू, समुद्र, अजगर, पिंगला नावाची गणिका व बाण घडविणारा कारागीर यांच्या पंक्तीला दोन पक्षीही बसलेले आढळतात. एक कपोत, जो पिले आणि कपोती जाळ्यात सापडलेली पाहून शोकाच्या भरात स्वतःही त्याच जाळ्यात शिरला. आणि दुसरा कुरर, ज्याने चोचीतला मांसाचा तुकडा टाकून देताच पाठलाग करणाऱ्या बलवत्तर पक्ष्यांपासून त्याची सुटका झाली व तो सुखी झाला. परंपरेने या यादीचा आदर केला. पण तिच्या पोटात दडलेला एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पक्षी खरोखर काही शिकवतो, की आपल्या मनात आधीच ठरून गेलेला सिद्धांत आपण त्याच्या चोचीत ठेवतो आणि मग तोच त्याच्याकडून परत घेतो?

हा प्रश्न पोथीसमोर बसून सुटण्यासारखा नाही. त्यासाठी पक्ष्यांकडेच गेले पाहिजे, आणि माघ सरून फाल्गुन लागण्याच्या सुमारास मुंबईच्या भायखळ्यातील राणीच्या बागेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. 1862 साली खुल्या झालेल्या या बागेत लोक येतात ते पिंजऱ्यांतील प्राणी पाहावयास. परंतु पिंजऱ्यावर पाटी असते, प्राण्याचे नाव, प्रांत आणि आहार यांची नोंद असते, आणि ती वाचली की पाहणे बहुधा संपते. पिंजऱ्याबाहेरच्या झाडांवर जी बिनपाटीची वस्ती असते, तिच्याकडे मान वर करून पाहणारा माणूस विरळा. थंडीत जवळजवळ मुका झालेला तांबट ऊन तापू लागताच एखाद्या वाळक्या फांदीच्या शेंड्यावर येऊन बसतो आणि तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्-टुक्-टुक् असा एकसुरी ठोका धरतो. दुर्बिणीतून न्याहाळले तर दिसते की चोच मिटलेलीच आहे, पिवळा गळा मात्र प्रत्येक ठोक्याला फुगतो, आणि शेंदरी कपाळाचे ते डोके एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे वळते. त्यामुळे आवाज कधी जवळच्या उंबरावरून आल्यासारखा वाटतो, तर कधी पलीकडच्या वडावरून. केवळ कानावर विसंबणारा मनुष्य येथे हमखास भलत्याच झाडाखाली जाऊन उभा राहतो.

अशाच एका सकाळी अवधूताचा कुरर आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. फरक एवढाच की येथे कुरराच्या जागी घार होती आणि बलवत्तर पक्ष्यांच्या जागी कावळे. नखांत कसलासा तुकडा धरून ती पर्जन्यवृक्षाच्या वरून चालली होती, आणि चार-पाच कावळे तिच्या शेपटीशी लगट करीत, आळीपाळीने चोची मारीत होते. दोन-तीन गिरक्यांनंतर तिने तुकडा सोडला. एका कावळ्याने तो खाली पडण्यापूर्वीच झेलला. आणि बाकीचे सारे घारीला विसरून त्या नव्या धन्याच्या मागे लागले. येथवर शास्त्र आणि प्रत्यक्ष यांचा मेळ अक्षरशः बसला. परंतु पुढे पाहात राहिलो, तेव्हा ती घार शांतपणे एका फांदीवर उतरली, तिने पिसे नीट केली, आणि पुन्हा जमिनीवर नजर लावली. ती दुसरा तुकडा शोधीत होती! तिने संग्रह सोडला असेल, संग्रहाची इच्छा सोडलेली नव्हती. मग अवधूताने पाहिलेले सुख कोणाचे होते, कुरराचे की अवधूताचे?

पक्ष्यावर आपला सिद्धांत लादण्याची प्रवृत्ती किती थराला जाऊ शकते, याचा दाखला कालिदासाने शाकुंतलाच्या पाचव्या अंकात देऊन ठेवला आहे. गर्भवती शकुंतला भर राजसभेत उभी असताना दुष्यंत स्त्रीजातीच्या उपजत कपटाचा पुरावा म्हणून कोकिळेला साक्षीला बोलावतो: ती आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेत नाही काय? वस्तुस्थिती म्हणून यात खोटे काही नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, आणि याच सुमारास बागेत कोकिळ नराची जी आर्त साद सुरू होते ती त्याच व्यवहाराची नांदी असते. पण तेवढीच वस्तुस्थिती खरी नव्हे. आपल्याकडच्या कोकिळेचे पिलू कावळ्याची अंडी वा पिले सहसा घरट्याबाहेर ढकलीत नाही, ते पुष्कळदा त्यांच्याबरोबरच वाढते; आणि या साऱ्या कारस्थानात नराचा हिस्सा मादीहून कमी नसतो, कारण कावळ्यांची खोडी काढून त्यांना घरट्यापासून दूर नेण्याचे काम बऱ्याचदा तोच करतो. दुष्यंताने निम्मी साक्ष घेतली आणि उलटतपासणी टाळली. त्या दरबारात खरा विसरभोळा आरोपी सिंहासनावर बसला होता आणि फिर्यादीलाच जाब विचारला जात होता, हे ध्यानी घेतले म्हणजे कोकिळेचा तो दाखला किती पोकळ होता ते उमगते.

अवधूत आणि दुष्यंत यांच्यातला भेद मला येथे दिसतो. दोघेही पक्ष्याकडून अर्थ काढतात. परंतु दुष्यंत तो दुसऱ्याविरुद्ध वापरतो, अवधूत स्वतःविरुद्ध. हे गुरू आपण आपल्या बुद्धीने पत्करले असे अवधूत प्रारंभीच कबूल करतो. गुरुत्वाची सनद पक्ष्याने दिलेली नाही, शिष्याने घेतलेली आहे. कपोत मूर्ख होता म्हणून सारे गृहस्थ मूर्ख, असा निवाडा तेथे अभिप्रेत असता, तर एकनाथांसारख्या संसारी पुरुषाला त्या आख्यानावर टीका लिहिताना लेखणी खाली ठेवावी लागली असती. पण घरी पत्नी-मुले असलेल्या नाथांनी पैठणास आरंभलेली ती टीका 1573 साली काशीत पूर्ण केली, आणि कपोताचा संसार रंगवताना हात आखडता घेतला नाही.

यावर कोणी आक्षेप घेईल की, अर्थ जर शिष्याच्याच बुद्धीतून यावयाचा, तर पक्ष्याची गरज काय? डोळे मिटून बसले तरी तो यावा. आक्षेप वजनदार आहे; त्याचे उत्तर एका दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हकिकतीत मिळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या सालिम अली नावाच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका पाहून, असला पक्षी खाणे धर्माला धरून होईल काय, अशी शंका घेऊन तो मामाकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथे मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले, आणि ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचे सांगितले. प्रश्न होता हलाल-हरामचा, उत्तर मिळाले ते पक्षिशास्त्राचे. आणि त्या उत्तराने एका आयुष्याची दिशा ठरली. चिमणीचा गळा अपेक्षेप्रमाणे निघाला असता तर ती मुकाट्याने ताटात गेली असती. पक्ष्याची गरज आहे ती यासाठीच: तो आपल्या ताब्यातला साक्षीदार नाही. मिटल्या डोळ्यांपुढे मन स्वतःलाच अनुकूल अशी जबानी देते. झाडावरचा पक्षी तसे करण्यास बांधलेला नाही.

म्हणून पाहण्यातली अचूकता ही केवळ शास्त्रज्ञाची शिस्त नव्हे, तो धर्माचरणाचाही भाग आहे. कबुतरखान्यापुढे पोतेभर दाणे ओतून पुण्याचे खाते वाढविणारा भाविक कबुतराकडे क्वचितच पाहतो. त्याची नजर आपल्याच जमाखर्चावर असते, आणि त्या अर्थी तो दुष्यंताच्याच बाकावर बसलेला असतो. उलट ज्याने घारीने तुकडा टाकल्यानंतरही पाहात राहण्याचे सोडले नाही, त्याला अवधूताचा धडा अपुरा वाटला तरी तो पुढे नेण्याचा अधिकार मिळतो: तुकडा टाकणे हे सुटकेचे निम्मेच काम, आणि उरलेले निम्मे घारीकडून शिकता येण्यासारखे नाही. गुरूचे सामर्थ्य जेथे संपते ती जागा नेमकी ओळखणे, हीही गुरूची सेवाच होय. आणि यादीत चोवीस नावे का लागली, एकाने का भागले नाही, याचे कारणही बहुधा हेच असावे.