एक चूल, अनेक हक्क

जनगणनेचा कर्मचारी दारात येतो तेव्हा कुटुंब ओळखण्याची त्याची खूण साधी असते: एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. ही खूण घेऊन रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहिले तर आकडे विचार करायला लावतात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. संपूर्ण महाराष्ट्रात हे प्रमाण ९२९ होते. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजारांच्या वर होती. दहा वर्षांत ती वाढण्याऐवजी घटून १६ लाख १५ हजारांवर आली. याचे मोठे कारण कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. कमावता पुरुष मुंबईत आहे, जहाजावर आहे, नाहीतर आखाती देशात आहे. ज्याच्या कमाईवर चूल पेटते, तोच त्या चुलीवर जेवणाऱ्यांत मोजला जात नाही.

हे आजचे नाही. भाताची खाचरे, आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारी यांवर वर्षभराचा संसार भागत नाही, म्हणून दापोली, खेड, चिपळूण, राजापूरकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. कोणी खलाशी झाला, कोणी मुंबईच्या गोदीत किंवा गिरणीत लागला आणि गावाकडचे घर मनिऑर्डरीवर चालले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामांना ऊत आला आणि आपल्या वस्त्यांतील तरुण तिकडे वळले. त्या पैशाने चिऱ्यांची नवी घरे उभी राहिली, मुले-मुली शिकली, मशिदी आणि मदरसे बांधले गेले. अल्लाहने दिलेल्या या रिज्कबद्दल त्याचे जितके आभार मानावेत तितके थोडेच.

परंतु वाचक बंधू-भगिनींनो, या रकमेला आपण सहजपणे ‘घराचे उत्पन्न’ म्हणतो. तेव्हा एक प्रश्न झाकला जातो: हे उत्पन्न नेमके कोणाचे? पैसे पाठवणाऱ्या मुलाचे? ज्यांच्या हाती ते पडतात त्या वडिलांचे? जिचे दागिने मोडून व्हिसाचे पैसे उभे केले त्या पत्नीचे? की मागे राहून बाग राखणाऱ्या, आई-वडिलांची औषधपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या धाकट्या भावाचे? ‘सगळे घराचेच’ हे उत्तर ऐकायला गोड वाटते. ते न्यायाचे उत्तर आहे का, हे मात्र तपासले पाहिजे.

इस्लामने कुटुंबाला अतिशय मोठे स्थान दिले आहे. तरीही मालकी त्याने कुटुंबाला दिलेली नाही, व्यक्तीला दिली आहे. सूरह अन्-निसामध्ये पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा असल्याचे स्पष्ट केले आहे. पत्नी श्रीमंत असली तरी तिच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याची जबाबदारी पतीवरच राहते. वारसाहक्काचे नियमही मृत व्यक्तीच्या मालकीच्या संपत्तीला लागू होतात, घराच्या संपत्तीला नव्हे. तेव्हा कोणाचे काय होते हेच ठाऊक नसेल, तर अल्लाहने ठरवून दिलेल्या हिश्शांची वाटणी करणार तरी कशी?

माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी जैनब (रजि.) यांचा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. आपला पैसा आपल्याच पतीवर आणि आपल्या आश्रयाला असलेल्या अनाथांवर खर्च केला तर ते दान ठरेल का, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना माननीय बिलाल (रजि.) यांच्यामार्फत विचारले. यात दुहेरी पुण्य आहे, नातेसंबंध जपण्याचे आणि दानाचेही, असे उत्तर मिळाले. जरा विचार करा: घरातील पैसा आपोआप सर्वांचा असता, तर पत्नीने पतीला दिलेले दान कसे ठरले असते? आपले असते तेच देता येते. त्या पैशावर जैनब (रजि.) यांचा हक्क पूर्ण होता, म्हणूनच त्यांचे देणे मोलाचे ठरले.

आता आपल्या घरांतील दागिन्यांकडे या प्रकाशात पाहू. नवऱ्याला परदेशी पाठवताना सुनेच्या बांगड्या मोडल्या जातात. ते कर्ज होते की भेट, हे कोणी बोलत नाही. तिनेही विचारायचे नाही, कारण विचारणारी सून वाईट ठरते. महर आणि स्वतःचे दागिने स्त्रीची मालमत्ता आहेत. महरमधील काही भाग तिने स्वखुशीने सोडला तरच तो पतीला घेता येतो, असे कुरआन शिकवतो. मनापासून दिल्याशिवाय कोणाचाही माल दुसऱ्याला हलाल होत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. संकोचाने गप्प बसणे म्हणजे मनापासून देणे नव्हे. दहा वर्षांनी घरावर मजला चढतो, पण मोडलेल्या बांगड्यांची आठवण फक्त तिलाच राहते.

मागे राहिलेल्या भावाचा प्रश्नही असाच आहे. तो कलमांना खत-पाणी घालतो, राखण करतो, आंबा पेट्यांत भरून बाजाराला लावतो. पगार नाही, कारण काम घरचे. मात्र बाग थोरल्याच्या पैशाने घेतलेली असते आणि सातबाऱ्यावर वडिलांचे नाव असते. वडिलांच्या निधनानंतर थोरला म्हणतो, पैसा माझा. धाकटा म्हणतो, आयुष्य माझे गेले. आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिघेही एकमेकांना लोभी समजतात. प्रत्यक्षात सुरुवातीला कोणी काही ठरवलेच नव्हते.

हिजरतीनंतर मदीनेतही बागांचाच प्रश्न आला होता. अन्सारांनी आपल्या खजुरीच्या बागा मुहाजिर बांधवांत वाटून टाकण्याची तयारी दाखवली. प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. तेव्हा असे ठरले की मुहाजिरांनी बागेत श्रम करावेत आणि फळांत वाटेकरी व्हावे. ज्यांचा बंधुभाव साऱ्या उम्मतसाठी आदर्श ठरला, त्यांच्यातही जमीन कोणाची, कष्ट कोणाचे आणि वाटा कशात, हे स्पष्ट होते. त्या स्पष्टतेने बंधुभाव उणावला नाही.

याउलट, अस्पष्टतेचा पहिला बळी नेहमी दुबळा असतो. उहुदच्या युद्धात शहीद झालेल्या साद बिन रबीअ (रजि.) यांची सारी संपत्ती त्यांच्या भावाने ताब्यात घेतली. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. वारसाहक्काची आज्ञा अवतरल्यावर मुलींना दोन-तृतीयांश, पत्नीला एक-अष्टमांश आणि उरलेले भावाला, असा निवाडा झाला. संपत्ती घरातच होती, हे उत्तर त्या मुलींना पुरेसे नव्हते.

कोणी म्हणेल, घरात हिशेब आला की प्रेम जाते. रक्ताच्या नात्यात लिहून काय ठेवायचे? हा आक्षेप मनाला भिडणारा आहे. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची सविस्तर आज्ञा देणारी सूरह अल-बकरामधील आयत, जी कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, ती ईमानधारकांनाच उद्देशून आहे. लिहिणे हे अविश्वासाचे लक्षण असते, तर विश्वासू लोकांनाच ती आज्ञा का झाली असती? सूरह अन्-नहलमध्ये न्यायाचा आदेश आधी आणि उपकाराचा त्यानंतर आला आहे. हक्क ओळखून सोडणे हा त्याग आहे. हक्क माहीतच नसताना तो हातातून जाणे ही हानी आहे, मग तिला त्यागाचे नाव दिले तरी. हिशेबाने प्रेम संपत नाही. उलट प्रेमाने काय दिले, हे हिशेबामुळेच दिसते.

न्यायाची हीच बाजू पैसे पाठवणाऱ्यालाही लागू आहे. तो एका खोलीत अनेकांबरोबर राहतो, सणासुदीला घर पाहत नाही, आणि गावाकडे मात्र तो कधीही न आटणारी विहीर समजला जातो. खर्चाची सुरुवात स्वतःपासून करावी, मग घरच्यांवर आणि नंतर नातलगांवर करावा, असा क्रम प्रेषितांनी (स.) घालून दिला आहे. म्हातारपणासाठी काही राखून ठेवणारा मुलगा स्वार्थी नव्हे. तसेच, घरखर्चासाठी पत्नीला दरवेळी सासऱ्यांपुढे हात पसरावा लागणे हेही योग्य नव्हे. अबू सुफयान (रजि.) पुरेसा खर्च देत नाहीत, अशी तक्रार त्यांच्या पत्नी हिंद (रजि.) यांनी केली, तेव्हा स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घेण्याची अनुमती त्यांना मिळाली होती.

हे सारे आजच ठरवण्याची निकड आहे, कारण परदेशची कमाई आपल्या हातात नाही. २०११ मध्ये सौदी अरेबियाने स्थानिकांना नोकऱ्या देण्यासाठी निताकत योजना आणली. जुलै २०१७ पासून तेथे परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितावर दरमहा १०० रियाल शुल्क बसले आणि वर्षागणिक वाढत २०२० मध्ये ते ४०० रियालांवर गेले. त्याच वर्षी महामारीने कित्येकांना रिकाम्या हाताने परत आणले. पैसा येत असतो तोवर प्रश्न झाकलेले राहतात. तो थांबला की सगळे एकाच वेळी उघडे पडतात, आणि तेव्हा न्याय करण्याइतके मन कोणाचेच मोठे राहत नाही.

म्हणून विनंती आहे की येत्या रजेत मुलगा घरी येईल तेव्हा सर्वांनी एकत्र बसावे. पाठवलेल्या रकमेत खर्चाचा भाग किती, आई-वडिलांना भेट किती आणि अमानत किती, हे बोलून घ्यावे. सुनेचे किती तोळे मोडले आणि ते कर्ज होते की भेट, हे तिच्या तोंडून ऐकावे आणि लिहावे. बागेतील कष्टांचा वाटा ठरवावा. बहिणीची सही मागण्यापूर्वी तिचा हिस्सा तिला सांगावा. एका वहीची दोन पाने पुरतील. त्यानंतर ज्याला जे सोडायचे असेल ते त्याने आनंदाने सोडावे.

चूल एकच असावी, ती अल्लाहची मोठी कृपा आहे. पण माल कोठून मिळवला आणि कोठे खर्च केला, हा प्रश्न कयामतच्या दिवशी कुटुंबाला विचारला जाणार नाही. तो प्रत्येकाला एकट्याला विचारला जाईल, आणि तेथे ‘ते घराचे होते’ हे उत्तर चालणार नाही. अल्लाह आपल्याला एकमेकांचे हक्क ओळखण्याची आणि ते वेळेवर अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.