आजचं चिंतन : नंदाची रिकामी गाडी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४५.

काल कंसवध झाला. आज मथुरेत आनंदीआनंद आहे. देवकी-वसुदेवांच्या बेड्या सुटल्या, आई-बापांना मुलं भेटली. मागच्या वाचनात मी या अध्यायावर लिहिलं तेव्हा या आनंदावरच लिहून मोकळी झाले होते. नंदबाबांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. यंदा गेलं, कारण मागच्या आठवड्यात मोहोळहून आत्याचा फोन आला.

आत्याकडे गेली तीन वर्षं एक मुलगी राहते. लांबच्या नात्यातली. तिचं नाव इथे लिहीत नाही. अशा मुलांची ओळख उघड करायची नसते, कायदाही तेच सांगतो. आपण तिला चिमणी म्हणू. वडील कोरोनात गेले. आई त्यानंतर इतकी आजारी पडली की तिचं तिलाच सुधरेना. बालकल्याण समितीपुढे कागदपत्रं झाली आणि सहा वर्षांची चिमणी एक पिशवी घेऊन आत्याकडे आली. आता आई बरी आहे. कुर्डुवाडीला भावाच्या शेजारी खोली घेऊन शिवणकाम करते. तिला तिची लेक परत हवी आहे. समितीने चौकशी केली, मायलेकींच्या भेटी घडवल्या, आणि ठरलं की वार्षिक परीक्षा झाली की चिमणी आईकडे जाणार.

आत्या फोनवर म्हणाली, "चांगलंच झालं की गं. आईची लेक आईकडं चालली. त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?"

मग जरा वेळ काहीच बोलली नाही. आणि मग, "पण मग मी कोण होते गं तिची?"

मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, "आत्या, सुटलीस बघ. आता जरा स्वतःकडे लक्ष दे." फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी किती वाईट बोलले. रोज तुम्हाला चिंतन लिहून पाठवणारी मी, आणि घरच्या माणसाला द्यायला माझ्याकडे एक धड वाक्य नव्हतं.

म्हणून आज हा अध्याय पुन्हा, हळू वाचू या.

नंदबाबांना कृष्ण काय म्हणाला

रथात बसून कृष्ण-बलराम मथुरेला आले, तेव्हा नंदबाबाही गोपांबरोबर गाड्या जुंपून आले होते. चार दिवसांचं काम, मग पोरांना घेऊन परत, असंच त्यांच्या मनात असणार. पण कंस गेला आणि सगळं बदललं. ज्यांच्यापासून मुलाला लपवायचं होतं तो धोकाच संपला. आता मुलाने खऱ्या आई-बापांकडे राहायचं.

कृष्ण नंदबाबांकडे जातो, त्यांना मिठी मारतो. आणि जे बोलतो त्याचा भाव असा आहे : ज्या लेकरांना त्यांच्या माणसांना सांभाळता आलं नाही, राखता आलं नाही, त्यांना पोटच्या पोरासारखं जे वाढवतात तेच बाप आणि तीच आई.

इथे थांबा. कृष्ण 'तुम्ही आई-बापांसारखे आहात' असं म्हणत नाही. 'सारखे' हा शब्दच तो वापरत नाही. तुम्ही बाप आहात, यशोदा आई आहे. आणि हे तो देवकी-वसुदेवांच्या गावात उभं राहून म्हणतो, त्यांना आई-बाप म्हणून मिठी मारून आल्यानंतर म्हणतो. दोन्ही नाती त्याच्या तोंडी एकाच दिवशी खरी आहेत.

मग तो त्यांना व्रजात परत जायला सांगतो. वस्त्रं, दागिने, भांडी देऊन त्यांचा सन्मान करतो. नंदबाबांचे डोळे भरून येतात आणि ते निघतात. गाडी भेटींनी भरलेली, आणि तरी रिकामी. गोकुळात यशोदा वाट बघत असेल. तिला जाऊन काय सांगितलं, कसं सांगितलं, हे पोथी सांगत नाही.

माझी आत्या त्या न सांगितलेल्या जागेवर बसली आहे.

चिमणीची बाजू

पहिले काही महिने चिमणी उशीखाली भाकरी लपवून ठेवायची. कडक भाकरी टिकते, हे तिला ठाऊक होतं. आत्याला वाटलं, पोर चोरी करते. रागवलीसुद्धा. मग घरी भेटीला येणाऱ्या समाजसेविका ताईंनी समजावलं, की ज्या मुलाचं घर एकदा अचानक मोडलंय त्याला उद्याच्या जेवणाचीही खात्री वाटत नाही. रागवू नका, डबाच तिच्या हाताशी ठेवा. आत्याने शेंगाचटणी आणि भाकरीचा डबा तिच्या अंथरुणाजवळ ठेवायला सुरुवात केली. काही महिन्यांनी तो डबा सकाळी जसाच्या तसा सापडायला लागला. आत्या सांगते, त्या दिवशी तिने वडवळच्या नागनाथाला जाऊन नारळ फोडला.

पण एक गाठ सुटली नाही. चिमणी आत्याला कधी आई म्हणाली नाही. एकदा झोपेत म्हणाली, आणि जागी झाल्यावर दिवसभर रडली. का, तर आईला कळलं तर तिला वाईट वाटेल. सहा-सात वर्षांच्या जिवावर हे ओझं! आणि आपण मोठी माणसं गंमत म्हणून विचारतो, "तुला कोण जास्त आवडतं गं, आई की आत्या?" असं विचारू नका, कृपा करून.

आपण कृष्णाला देवकीनंदनही म्हणतो आणि यशोदानंदनही. त्याला आपण कधी निवडायला लावलं नाही. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाची ओळ एकच असते. आपल्या देवाला मात्र दोन आया आहेत आणि आपल्याला त्यात काही अडचण वाटत नाही. चिमणीलाही तेवढी मुभा देऊ या.

अक्रूराचं काम

समाजसेविका ताई सोलापूरहून स्कूटीवर यायच्या. ताट बघायच्या, शाळेची हजेरी बघायच्या, चिमणीशी एकटीशी बोलायच्या. आत्याला सुरुवातीला फार लागायचं. "मी काय परकी आहे का? माझ्याच घरात येऊन माझीच चौकशी?"

मलाही तेव्हा आत्याचंच पटलं होतं. आता वाटतं, ती चौकशी हवीच. मोहोळहून पंढरपूर किती जवळ! तिथे दामाशेटींच्या घरी जनाबाई लहानपणी आल्या आणि घरकाम करत वाढल्या. विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला बसला, ही कथा आपण प्रेमाने सांगतो. पण त्याच कथेत दुसऱ्याच्या घरी राहणारी एक लहान मुलगी जात्यावर एकटी बसलेली आहे, हेही आहेच ना? घरात घेतलेली मुलगी लेक म्हणून वाढते आहे की कामाला जुंपली गेली आहे, हे कुणीतरी येऊन बघायलाच हवं. प्रत्येक जात्यापाशी विठ्ठल येईपर्यंत थांबायचं का?

आता याच ताई चिमणीला न्यायला येणार आहेत. भागवतात अक्रूर रथ घेऊन आला तेव्हा गोपी चिडून म्हणाल्या, इतका क्रूर माणूस आणि नाव अक्रूर! बिचारा अक्रूर. तो भक्त होता, मुलाला त्याच्या आई-बापांपर्यंत पोचवत होता आणि शिव्या खात होता. समाजसेवकांच्या वाट्याला हेच येतं. मूल उचललं तर निर्दय, नाही उचललं तर बेजबाबदार. हातात एकच घर नसतं, अशी कितीतरी घरं असतात. आत्या मला म्हणाली, "मागच्या खेपेला त्याच रडत होत्या गं जाताना. मीच पाणी दिलं."

सावित्रीमाईंच्या नावाची योजना

हे सगळं आपल्या भागाला नवीन नाही. वारीच्या पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू केला. तिथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर त्यात पुढे होते. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि शिकवून डॉक्टर केला. आज महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचंच नाव आहे. ज्या मुलांना आई-वडील तात्पुरतं किंवा कायमचं सांभाळू शकत नाहीत, ती संस्थेत न जाता कुणाच्या तरी घरात वाढावीत, यासाठी ही योजना आहे. २०२३ पासून तिची मदत महिन्याला २२५० रुपये झाली. २०१५ चा बाल न्याय कायदाही तेच सांगतो : आधी कुटुंब, संस्था सगळ्यात शेवटी.

२२५० रुपयांत वह्या, बूट, औषधं येतात. ताप आलेल्या रात्रीचं जागरण त्यात धरलेलं नसतं. मथुरेच्या भांड्यांत आणि वस्त्रांत तरी यशोदेच्या रात्री कुठे होत्या?

आणि दत्तक वेगळं, प्रतिपालन वेगळं. दत्तक घेतलेलं मूल कायमचं आपलं होतं. प्रतिपालनात मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की हे मूल जाऊ शकतं. आणि तरी प्रेम हातचं राखून करता येत नाही, कारण राखून केलेलं प्रेम मुलाला लगेच कळतं. या कामातलं सगळ्यात अवघड हेच आहे. गीतेतली अनासक्ती आपण पुण्या-मुंबईत बसून नोकरी आणि पगारवाढीच्या संदर्भात वाचतो. ती खरी कशी असते ते पाहायचं असेल तर मोहोळला या आणि परीक्षेनंतर जाणाऱ्या पोरीची वेणी घालणाऱ्या आत्याकडे बघा.

आणि उद्धव?

पुढच्याच अध्यायात, म्हणजे उद्या, कृष्ण उद्धवाला गोकुळात पाठवतो. संध्याकाळी उद्धव पोचतो. नंदबाबा त्याला विचारतात, कृष्णाला आमची आठवण येते का? ते बोलत राहतात, आणि यशोदा नुसती ऐकते आणि रडते. उद्धव काही महिने तिथेच राहतो.

मला वाटतं आपण इथे कमी पडतो. मूल कुणाच्या घरी ठेवायला कागद आहेत, परत न्यायलाही कागद आहेत. मूल गेल्यानंतर त्या रिकाम्या घरी जाऊन बसायला मात्र कुणी नसतं. शेजारी म्हणतात, "परक्याचं लेकरू, जाणारच होतं." भाची म्हणते, "सुटलीस बघ."

पुढे कितीतरी वर्षांनी कुरुक्षेत्रावर सूर्यग्रहणाच्या पर्वात सगळे भेटतात. तिथे देवकी आणि रोहिणी यशोदेला मिठी मारतात. पापण्या डोळ्यांना जपतात तसं तुम्ही यांना जपलं, असं म्हणतात. पोटच्या आईने सांभाळणाऱ्या आईचे मानलेले हे आभार. मी चिमणीच्या आईला ओळखत नाही. पण तिच्याही मनात हे असेल, आणि सांगायची लाज वाटत असेल, असं मला वाटतं. आपलं मूल दुसऱ्याने वाढवलं, हे सोपं नसतं.

परवा मी आत्याला पुन्हा फोन केला. आधी माफी मागितली. मग हा प्रसंग सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग किसनदेव परत आला का गोकुळात राहायला?"

खोटं बोलावंसं वाटलं. म्हटलं, "नाही आत्या. राहायला नाही आला."

ती म्हणाली, "पर आई म्हणला ना?"

"म्हणला."

"मग ऱ्हाऊ दे."

परीक्षा संपेल त्या आठवड्यात मी एसटीने मोहोळला जाणार आहे. चिमणी गेल्यावर चार दिवस तिथेच राहणार आहे. लॅपटॉप नेईन, काम तिथून करेन. उपदेश करणार नाही.

आजचा संकल्प

तुमच्या नात्यात, सोसायटीत, गावी कुणीतरी दुसऱ्याचं मूल सांभाळत असेल. आजी नातवाला, मामी भाच्याला. आज त्यांना एक फोन करा आणि "तुम्ही कशा आहात?" असं त्यांच्याबद्दलच विचारा. वाढदिवसाचा केक बालगृहात कापून मुलांबरोबर फोटो टाकायचा विचार असेल तर तो सोडा. त्याऐवजी दर आठवड्याला एक तास कुणाला गणित शिकवा, आणि ते वर्षभर सोडू नका. कुठलं मूल संकटात दिसलं तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. आणि ज्यांच्या मनात घर उघडायचं आहे त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार वय आणि बाकीच्या अटी बसत असतील तर एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं.

प्रार्थना

हे यशोदानंदना, देवकीनंदना, ज्यांची गाडी आज रिकामी परत येते आहे त्यांच्या दारात कुणीतरी उद्धव पाठव. आणि तो उद्धव मी असेन, तर मला वेळेवर निघायची बुद्धी दे.

उद्या अध्याय ४६ वाचू.

राम कृष्ण हरी.