चुंबकत्व मिथ्या आहे का?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात ड्रिल मशीन बंद आहे. वायरमनने बोर्डावर फेजला टेस्टर लावला की आतला केशरी ठिपका पेटतो. तीच फेजची वायर टाँग टेस्टरच्या जबड्यात धरली तर आकडा शून्य. मशीन सुरू झालं की आकडा चढतो. एक हत्यार विद्युतदाबाची खबर देतं, दुसरं प्रवाहाभोवती उभ्या राहिलेल्या चुंबकीय क्षेत्राची. जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरल्या तर पुन्हा शून्य, कारण जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. म्हणजे विद्युतभार नुसता असला तरी विद्युत क्षेत्र असतं. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र यायला तो हलावा लागतो. (लोहचुंबकाचं मूळ इलेक्ट्रॉनच्या अंगभूत फिरकीत आहे, ती गोष्ट जरा वेगळी.)

पण ‘हलतो’ हे ठरवायचं कुणी? एकटा भार शेजारून गेला तर उभ्या माणसाला दोन्ही क्षेत्रं मोजता येतात. भाराबरोबर त्याच वेगाने जाणाऱ्याला फक्त विद्युत क्षेत्र सापडतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरच्या १९०५च्या निबंधाची सुरुवातच अशा पेचाने होते. चुंबक हलला की वेटोळं, यावरून जुनं शास्त्र कारणं दोन निराळी सांगे. वेटोळ्यातला प्रवाह मात्र तोच.

वेदान्तात मुरलेल्या मनाला इथे अंधारात दोरीवर भासणारा साप आठवतो. पाहणाऱ्यागणिक बदलतं ते मिथ्या, तेव्हा चुंबकत्व हा भास आणि खरी ती वीज! मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. बॅटरीला जोडलेल्या तारेत इलेक्ट्रॉन मुंगीहूनही सावकाश सरकतात. कल्पनेने त्यांच्यासोबत चालायला लागलं, तर धातूतले धन भार उलट दिशेने जाताना दिसतात आणि चुंबकीय क्षेत्र कायमच राहतं. कितीही वेगाने पळा, ते पुसून टाकणारा प्रेक्षक मिळत नाही. गणितही हेच सांगतं: एकाला एखाद्या ठिकाणी चुंबकीय बाजू जड दिसली, तर तिथे ती कुणालाच शून्य दिसू शकत नाही. दिवा लावल्यावर जात नाही, त्याला साप कसं म्हणायचं?

म्हणून एकाच वस्तूला अनेक बाजू असतात असं मानणारा जैनांचा अनेकान्तवाद मला इथे जास्त जवळचा वाटतो. त्यातल्या ‘स्यात्’चा अर्थ ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’ असा आहे. प्राचीन आचार्यांना सापेक्षता ठाऊक होती, असा दावा मात्र कुणी करू नये. पुष्पक विमानांची तेवढी गर्दी पुरे. ‘मग ज्याचं त्याचं सत्य वेगळं’ हा आक्षेपही टिकत नाही, कारण एकाच्या मोजमापावरून दुसऱ्याचं काढायचा नियम पक्का आहे, त्यात कुणाची मर्जी चालत नाही.

अद्वैती यावर म्हणेल, साप प्रातिभासिक, म्हणजे भासापुरताच असतो, चुंबकत्वाला आम्ही व्यावहारिक सत्ता, म्हणजे व्यवहारापुरतं खरेपण देतो. द्यावी, पण मग विजेलाही त्याच पंगतीत बसवावं लागेल. स्थिर चुंबकापाशी उभ्या माणसाला विद्युत क्षेत्राचा मागमूस नसतो, आणि त्याच चुंबकाजवळून धावत जाणाऱ्याला ते मोजता येतं.