आधी इथे, मग पुढे

लिस्बनहून सुटलेलं पोर्तुगीज जहाज मांडवीच्या मुखाशी यायला सहा-सहा महिने लागत. त्याला जायचं असे आणखी आत, नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या राजधानीत. आज आपण तिला जुनं गोवं म्हणतो. बाजार तिथे, व्हाइसरॉय तिथे, पगार आणि हुकूमही तिथेच. पण वाटेत पणजी लागे. तेव्हा ती माडांची, खाजणांची, मासेमारांची लहानशी वस्ती होती. तिथल्या टेकडीच्या उतारावर 1541 साली उभारलेलं एक चॅपेल होतं. समुद्रातून जिवंत आलेले खलाशी आधी तिथे चढून जात, मरियेपुढे गुडघे टेकत आणि मगच जुन्या गोव्याच्या वाटेला लागत.

पणजीच्या चर्च स्क्वेअरमध्ये उभं राहून वर पाहिलं की मला आधी ही रीत आठवते, वास्तू मागाहून दिसते. वास्तू देखणी आहे यात शंकाच नाही. जुन्या चॅपेलच्या जागी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोठं चर्च उभं राहिलं. पांढरीशुभ्र दर्शनी भिंत, दोन बाजूंना दोन मनोरे, मधोमध उंचावर कमानीत टांगलेली घंटा, आणि रस्त्यापासून दारापर्यंत वळणं घेत चढत गेलेले कठडेदार जिने. हे जिने नंतरचे, एकोणिसाव्या शतकातले. गोव्याला गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात या जिन्यांवरचा एखादा फोटो सापडेल. पुष्कळ पाहुणे जिन्यावरूनच परत फिरतात. मला त्यांचा राग येत नाही, हळहळ मात्र वाटते. आणखी थोड्या पायऱ्या चढल्या तर आत सोनेरी कोरीवकामाची मुख्य वेदी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन वेदी आहेत. आणि बाकांवर, कोणत्याही वारी, कोणीतरी बाजाराची पिशवी पायाशी ठेवून डोळे मिटून बसलेलं असतं. शहराच्या ऐन मध्यात असलेल्या चर्चचं हे मोठं सुख आहे. त्याच्याकडे मुद्दाम जावं लागत नाही; कामाला जाता-येता ते वाटेतच भेटतं.

त्या खलाशांचं आभार मानणं किती खरं असेल, ते समजायला एक पत्र पुरेसं आहे. 1579च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेला एक तरुण इंग्रज जेझुइट त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला गोव्यात पोहोचला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. पुढे मराठीत हजारो ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे आणि 1616 साली ते रायतूरला छापून आणणारे फादर स्टीफन्स हेच. आल्यावर दोनेक आठवड्यांतच त्यांनी वडिलांना प्रवासाची हकिगत लिहून कळवली. जहाजावर दीडशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि सत्तावीस दगावली, असं ते लिहितात. आणि पुढे हेही लिहितात, की इतर वेळच्या मानाने ही हानी कोणाला फारशी वाटली नाही. सत्तावीस माणसं समुद्रात सोडली, आणि तरीही ही हानी थोडकीच मानली गेली. अशा जहाजावरून उतरलेल्या माणसाच्या पायांना घट्ट जमिनीचा पहिला स्पर्श कसा झाला असेल? त्याला पगार हवा असणार, ताजं पाणी हवं असणार, फळं हवी असणार. हे सगळं थोडं लांबवून तो आधी टेकडी चढत होता.

हा क्रम मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे नवस बोलतात आणि फेडतात, पण नवसात आधी मागणं असतं. रोजच्या येण्याजाण्यात तर मागणंही नसतं आणि आभारही नसतात. घरातून कोणी बाहेरगावी निघालं की आपण म्हणतो, पोचल्यावर फोन कर. रात्रीची एसटी असेल, पावसाळ्यातला घाट असेल, तर आई फोन येईपर्यंत जागी असते. फोन येतो, ‘पोचलो’ असं ऐकू येतं आणि विषय तिथेच मिटतो. रस्त्यावर किती जणांनी आपापलं काम नीट केलं म्हणून आपण धडधाकट पोहोचलो, याचा विचार करायला कोणी क्षणभर थांबत नाही. आपण इतके सहज पोहोचतो, की पोहोचणं ही मिळालेली गोष्ट आहे हे विसरून जातो. त्या दर्यावर्दींना ते विसरणं परवडणारं नव्हतं. त्यांच्यातले काही कठोर असतील, लोभी असतील, पुढे जाऊन काय काय करणार होते कोणास ठाऊक. पण त्या एका घटकेला ते फक्त वाचलेले जीव होते, आणि तेवढं ओळखण्याइतके शहाणे होते.

त्यांच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी काय केलं, हेही इथे बोलायला हवं, नाहीतर माझं कौतुक अर्धवट राहील. चॅपेल उभं राहिलं त्याच सुमारास, 1540-41 मध्ये, पणजी ज्यावर वसली आहे त्या तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली, आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या खर्चाकडे वळवलं गेलं. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं; ते कायमचं गेलं 1812 मध्ये. पणजीत महालक्ष्मीचं देऊळ उभं राहायला 1818 उजाडावं लागलं. गोमंतकातल्या कित्येक कुळांच्या कुलदेवतांची मूळ गावं आणि आजची देवळं वेगवेगळी का, याचं उत्तर याच काळात आहे. हे मी विसरत नाही, आणि हे चर्च मला आवडतं तेही तितकंच खरं आहे. राज्यकर्त्यांचा गुन्हा तिथे गुडघे टेकणाऱ्या मासेविक्रेतीच्या माथी मारता येत नाही. तिच्या आजीनं, पणजीनं, खापरपणजीनं ज्या फरशीवर प्रार्थना केली ती फरशी आता तिची आहे. चर्च आणि महालक्ष्मीचं देऊळ यांत आज चालत जाण्याइतकंच अंतर आहे, आणि पणजीकर ते सहज चालतो.

आता त्या घंटेविषयी. जिन्यांवरून फोटो काढताना ती चौकटीत येते, पण तिची कहाणी सहसा कोणी सांगत नाही. ती मुळात इथली नाहीच. जुन्या गोव्यात पवित्र टेकडीवर ऑगस्टिनियन साधूंचा प्रचंड मठ होता, त्याच्या मनोऱ्याची ती घंटा. तो मनोरा 46 मीटर उंच होता. साथीच्या रोगांनी जुनं गोवं ओस पडत गेलं, आणि 1843 मध्ये राजधानी रीतसर पणजीला आली. त्याआधीच, 1835 मध्ये, धार्मिक संघांना गोव्यातून घालवून दिलं गेलं होतं. मठ रिकामा झाला. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलेला अर्धा आजही आभाळात उभा आहे. घंटा मात्र वेळीच उतरवली होती. काही काळ ती अग्वादच्या किल्ल्यावर होती, आणि 1871 मध्ये पणजीच्या या चर्चवर आली. तिचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. जुन्या गोव्यातल्या सी कॅथेड्रलची ‘सोन्याची घंटा’ सोडली तर गोव्यात एवढी मोठी दुसरी नाही. तिला पेलण्यासाठी दर्शनी भिंतीच्या माथ्यावर नवी कमान बांधावी लागली. पणजीची म्हणून जी ओळख आपण छायाचित्रांत पाहतो, ती कमान म्हणजे दुसरीकडून आलेल्या घंटेसाठी करून दिलेली जागा आहे.

एक शहर संपलं, त्याची घंटा दुसऱ्या शहरात वाजत राहिली. आत दक्षिणेकडच्या बाजूला सेंट फ्रान्सिस झेवियरचं चॅपेल आहे, त्यातली वेदीही व्हाइसरॉयच्या जुन्या राजवाड्याच्या चॅपेलमधून इथे आली आहे. समुद्रावरून आलेल्यांसाठी बांधलेल्या या वास्तूत वस्तूही दुसरीकडून येऊन पोहोचल्या, आणि त्यांनाही आसरा मिळाला.

घंटा रोज संध्याकाळी वाजते, तेव्हा ख्रिस्ती घरांत देवदूताच्या संदेशाची प्रार्थना म्हणतात. तिन्हीसांजेच्या त्या वेळेला कोकणीत ‘आमोरी’ म्हणतात. जुन्या घरांत आमोरी झाली की बोलणं थांबे, चालता माणूस रस्त्यात उभा राही, आणि प्रार्थना संपल्यावर धाकटे थोरांचा आशीर्वाद घेत. आपल्याकडच्या दिवेलागणीशी तिचं नातं फार जवळचं आहे. पवित्र आठवड्यात मात्र गुरुवारच्या मिस्सेपासून ईस्टरच्या जागरापर्यंत घंटा बंद असते. तिच्याऐवजी ‘मात्राक’ नावाचं लाकडी खुळखुळं फिरवतात. त्याचा कोरडा, खडखडाटी आवाज ऐकला, की दुःखाच्या दिवसांत देवाच्या दारीही गोडवा नको, हे सांगणाऱ्या या परंपरेची समज मनाला भिडते. आनंदाचा आवाज काही दिवस मिटून ठेवणं ही मोठी शिकवण आहे. ईस्टरच्या रात्री घंटा पुन्हा वाजू लागते तेव्हा तो नाद नुसता कानांनी ऐकला जात नाही.

29 नोव्हेंबरला या चर्चची नऊ दिवसांची नोव्हेना सुरू होते. 8 डिसेंबरला फेस्त. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा हा सण. पुष्कळांना वाटतं हा येशूच्या जन्माशी संबंधित आहे, तसं नाही. मरिया स्वतः आईच्या उदरात आली त्या क्षणापासून आदिपापापासून मुक्त होती, अशी ही श्रद्धा. पोपनी ती सिद्धांत म्हणून जाहीर केली 1854 मध्ये. पणजीच्या टेकडीवर तिच्या नावाचं चॅपेल त्याच्या तीनशे वर्षं आधी उभं होतं. सामान्य माणसांची भक्ती शास्त्राच्या पुढे चालत असते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. फेस्ताच्या दिवसांत चर्चच्या आसपास दुकानं लागतात, आल्याच्या चवीची गुळाची खाजी, चणे, लाडू, कपडे, भांडी. खाजी घ्यायला सगळेच जातात, त्याला धर्म लागत नाही. मेणबत्ती लावायलाही पुष्कळ हिंदू बायका जिने चढतात. सायबिणीला, म्हणजे मरियेला, त्या घरातलीच मानतात.

जुनी रीतही गोव्यातून गेली नाही, फक्त तिची दिशा फिरली. गेल्या दीडेकशे वर्षांत गोव्याचेच लोक जहाजांवर कामाला गेले. त्यांना तारवटी म्हणतात. स्वयंपाकी, वाढपी, वादक, इंजिनखोलीतले कामगार. मुंबईत जहाज मिळेपर्यंत ते धोबीतलाव, माझगावच्या बाजूला आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राहत. गावानं चालवलेली ही वसतिगृहं. एका भिंतीशी लावलेल्या ट्रंका, दुसऱ्या भिंतीशी वेदी, आणि रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळ. गावाच्या सायबाचं, म्हणजे रक्षक संताचं, फेस्तही तिथेच साजरं होई. काही कूड आजही चालू आहेत. मुलगा जहाजावर असेपर्यंत गावी आई रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, आणि तो परतला की आभाराची मिस्सा सांगितली जाते. विमानतळावरून आणलेल्या चॉकलेटांचे डबे, नातेवाइकांच्या भेटी, नव्या घराच्या पायाची बोलणी, सगळं असतंच. पण आई त्याला आधी चर्चला नेते. यंदाही 8 डिसेंबरला त्या जिन्यांवर असे काही तरुण असतील, समुद्रावरून नुकतेच उतरलेले, आईच्या मागोमाग चढणारे. त्यांना कोणाला तुम्ही कुठून आलात म्हणून विचारलंत, तर ते बंदरांची नावं सांगतील.