काय केलंस, ते सांग

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. मोटार चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. संताप रास्तच होता, पण तो सगळा ‘तीनशे’ या आकड्यावर गेला. निबंधाचा विषय कुणी फारसा पाहिला नाही. विषय होता रस्ते अपघात आणि त्यावरचे उपाय; दहावीच्या पेपरात येतो तसा. ‘त्या रात्री मी काय केलं’ असा विषय नव्हता. जामिनाच्या वेळी तो देताही येत नाही, कारण आरोप सिद्ध व्हायचा असतो. पण आपल्या व्यवस्थेत तो विषय पुढेही कधी येत नाही, आणि तो अपघातापेक्षाही जिथे जास्त सलतो ते क्षेत्र म्हणजे मुलांच्या हातून घडणारे लैंगिक गुन्हे.

या गुन्ह्यांबद्दल आपल्याकडे भांडण होतं ते दोनच गोष्टींवर, मुलाचं वय किती आणि त्याला वर्षं किती मिळाली. एका बाजूला ‘कृत्य मोठ्यांचं तर शिक्षाही मोठ्यांची’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘लेकरू आहे, सुधारेल’ म्हणणारे. दोघांचाही आवाज चढलेला असतो, म्हणून दोघांत एका बाबतीत एकमत आहे हे ध्यानात येत नाही. त्या मुलाने स्वतः काही बोलावं अशी दोघांचीही अपेक्षा नाही. पहिल्यांना तो गजाआड हवा, दुसऱ्यांना मार्गी लागलेला हवा. शिक्षा सोसणं आणि जबाबदारी घेणं यांत मात्र मोठं अंतर आहे. शिक्षा दुसरा देतो, ती गप्प बसूनही भोगता येते. जबाबदारी घ्यायची तर आपण काय केलं ते आपल्या तोंडाने म्हणावं लागतं, ज्याच्यावर केलं त्याचं काय झालं ते ऐकावं लागतं, आणि त्यानंतरही त्याच गावात, त्याच नात्यांत जगावं लागतं. यातलं काहीही न करता तीन वर्षं काढता येतात, दहाही काढता येतात.

१६ डिसेंबर २०१२ च्या, दिल्लीतल्या बसमधल्या सामूहिक बलात्कारातला सहावा आरोपी अठराला काही महिने कमी होता. तेव्हाच्या, २००० सालच्या कायद्यात मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेषगृहात ठेवता येत होतं. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी मंडळाने त्याला दोषी ठरवून तेवढीच मुदत दिली. मधल्या काळात कायदा सुधारण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने ‘मूल’ मानण्याचं वय खाली आणू नये असं सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयानेही अठराची रेषा कायम ठेवली होती. पण २० डिसेंबर २०१५ ला तो सुटला आणि दोनच दिवसांत राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. सुटकेच्या वेळी दिल्ली सरकार त्याला दहा हजार रुपये आणि एक शिलाई मशीन देणार असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा लोक खवळले. मला स्वतःला शिलाई मशीनचा राग येत नाही. सुटलेल्या माणसाला पोटापाण्याचं साधन नसेल तर तो कुठे जाईल, हा प्रश्न शहाणा आहे. मला खुपतं ते हे की तीन वर्षांत त्याला शिवण शिकवलं, स्वयंपाक शिकवला हे आपल्याला कळलं. त्या बसमधल्या रात्रीबद्दल त्याच्याशी कोण किती बोललं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मुंबईच्या शक्ती मिल बलात्कार प्रकरणांतही दोघे अठराच्या आतले होते. २०१५ मध्ये मंडळाने त्यांना तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत धाडलं. बातमी तिथेच संपली.

नव्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक फाटा काढला. गुन्हा ‘अतिघोर’ असेल, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं वा जास्त असेल, तर मंडळ त्या मुलाचं प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम त्याला समजत होते का, आणि कोणत्या परिस्थितीत ते घडलं, हे तपासायचं. त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं आणि खटला प्रौढासारखा चालू शकतो. फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही; बाकी दार उघडं.

आता मंडळासमोर बसलेल्या सोळा-सतराच्या पोराच्या जागी जाऊन बघा. समोर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक बाई. पोलीस असलेच तर साध्या कपड्यांत. मुलाला मुद्दाम न घाबरवणारी रचना आहे आणि ती चांगलीच आहे. समुपदेशक विचारतात, ‘आपण जे केलं त्याने त्या मुलीला काय होईल हे तुला कळत होतं का?’ मुलगा खरंच हादरलेला असेल, रात्र-रात्र त्याला झोप लागत नसेल, तर तो म्हणेल, ‘हो, कळत होतं.’ आणि हे उत्तर त्याला मोठ्यांच्या खटल्याकडे ढकलेल. जो खाली मान घालून ‘मला काही माहीत नाही’ म्हणेल, त्याला मुलांच्या बाजूचं दार उघडं राहील. हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तरी वकील मुलाच्या बापाला काय सांगत असेल? ‘पोराला म्हणावं, जास्त बोलू नकोस.’ वकिलाचं काही चुकत नाही, तो त्याचं काम करतोय. पण ज्या क्षणी मुलाच्या मनात पहिल्यांदा काही हलत असतं, नेमक्या त्या क्षणी आपण त्याला न कळण्याचं बक्षीस लावून ठेवलंय. जुलै २०२२ मध्ये गुरुग्रामच्या शाळेतल्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मूल्यांकनाला तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञांची मदत हवीच, असा आग्रह धरला. तज्ज्ञ आले म्हणून हा पेच मात्र सुटत नाही.

हे झालं मंडळापर्यंत पोचलेल्यांचं. पण मुलांच्या हातून होणारा लैंगिक त्रास बहुतेकदा ओळखीच्यातला असतो, आणि घरातला असेल तर तो घराबाहेर पडतच नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे जमलेली भावंडं डोळ्यांसमोर आणा. पंधरा वर्षांचा दादा, आठ वर्षांची मामेबहीण. काहीतरी घडतं. मुलगी आईला अर्धवट सांगते. मोठी माणसं दार लावून बसतात, कुणीतरी दादाच्या थोबाडीत देतं, जूनमध्ये त्याची रवानगी कोल्हापूरच्या हॉस्टेलवर होते आणि विषयावर पडदा पडतो. ऑगस्टात राखीपौर्णिमा येते. पाट मांडलेला, ताटात निरांजन, आणि मुलीला त्याच दादासमोर बसवून सांगतात, ‘बांध गं, असं काय करतेस?’ थोबाडीत खाल्ली ती त्याची शिक्षा. त्याने काय केलं हे मात्र त्या घरात कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही, त्यानेही नाही. आता तिला वाटतं की बोलून चूक आपणच केली.

अशा घरातली एखादी आत्या शहाणी असते आणि म्हणते, समुपदेशकाकडे जाऊया. तिथे कायदा आडवा येतो. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, ज्याला गुन्ह्याची माहिती कळली त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. ही सक्ती हवीच होती. शाळांनी आणि संस्थांनी वर्षानुवर्षं जे दाबलं ते पाहता तिच्याविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण घरचा मुलगा असला की तिचा परिणाम उलटा होतो. तक्रार झाली तर पोराचं आयुष्य गेलं, म्हणून घरचे कुणाकडेच जात नाहीत, आणि मुलगी आणि मुलगा दोघंही मदतीविना राहतात. त्यातही ऐपतीच्या घराला हॉस्टेल परवडतं. एका खोलीत राहणाऱ्यांचं भांडण शेजाऱ्यांच्या कानावर जातं आणि तिथून चौकीवर. मंडळासमोर बंगल्यातली मुलं क्वचितच दिसतात ते ती सभ्य असतात म्हणून, असं मला वाटत नाही.

एक प्रकार इथे बाजूला काढून ठेवला पाहिजे. २०१२ साली पॉक्सोने संमतीचं वय अठरावर नेलं. त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी आपखुशीने पळून गेले तरी तिच्या बापाच्या फिर्यादीवर मुलगा बलात्काराच्या कलमात बसतो. त्याने कसली कबुली द्यायची? जबाबदारी मागण्याआधी कुणावर तरी अन्याय झालेला असावा लागतो.

जिथे अन्याय झालाच आहे, तिथे बोलतं करणारी पद्धत असू शकते का? दक्षिण ऑस्ट्रेलियात तसा एक अनुभव आहे. तिथे मुलाने गुन्हा मान्य केला तर न्यायालयाऐवजी एक बैठक होऊ शकते. मुलगा, त्याचे आईबाप, पोलीस, आणि तयारी असेल तर पीडित व तिची माणसं. कॅथलीन डेली या अभ्यासिकेने तिथली १९९५ ते २००१ मधली मुलांच्या लैंगिक गुन्ह्यांची जवळपास चारशे प्रकरणं तपासली. न्यायालयात गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास प्रकरणांत शेवटी काहीच सिद्ध झालं नाही. ती मागे घेतली गेली किंवा निकालात निघाली. म्हणजे कडक वाटणाऱ्या वाटेने गेलेल्या निम्म्या मुलींच्या पदरात ‘काही घडलंच नाही’ असं पडलं. बैठकीत मात्र कबुली ही प्रवेशाचीच अट होती.

हे वाचून मी हुरळलो होतो, पण लगेच आपलं गाव आठवलं. आपल्याकडे अशी बैठक म्हटली की ओसरीवर चार मातब्बर, मधोमध चहा, आणि ‘झालं गेलं मिटवून टाका’. जातपंचायतींनी मिटवलेली प्रकरणं, आरोपीशीच लावलेली लग्नं, बापाच्या हातात कोंबलेली पाकिटं हे सगळं आपल्या पाहण्यातलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका शिक्षकाचं प्रकरण पुन्हा उघडलं. मुलीच्या बापाशी ‘समझोता’ झाला म्हणून उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला होता. आरोपी प्रौढ होता, पण रीत तीच. तेव्हा ऑस्ट्रेलियाची बैठक उचलून इथे मांडता येणार नाही. कबुलीमुळे तक्रार मागे जायला नको आणि मुलीला समोर बसायची सक्ती नको. दोषी ठरल्यानंतर, अपिलं संपल्यानंतर, समुपदेशनात मुलगा जे बोलेल ते त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही, एवढी हमी मिळाली तरच तो बोलेल.

‘असली पोरं बदलत नसतात, बोलून काय होणार’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. मायकेल कॉल्डवेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र मांडले, तेहेतीस हजारांवर मुलांचे. लैंगिक गुन्ह्यात पुन्हा सापडलेले पाच टक्क्यांच्या आत होते. हे अभ्यास आपल्याकडचे नाहीत, आणि त्यांत सापडलेलेच मोजले जातात, हे धरूनही ‘एकदा तसा, कायम तसा’ हा समज टिकत नाही. अमेरिकेने तर २००६ च्या कायद्याने चौदा वर्षांवरच्या काही मुलांचीही नावं लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत घातली. ज्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झाल्यामुळे या नोंदवह्यांचा देशव्यापी कायदा आला, त्या पॅटी वेटरलिंग पुढे मुलांची नावं त्यात नकोत म्हणू लागल्या. नोंदवहीत नाव असलेला मुलगा आयुष्यभर ‘तो’ राहतो. पण आपण काय केलं हे बोलण्याचं त्याला काही कारण उरत नाही, कारण ते दुसऱ्यांनी त्याच्या वतीने कायमचं लिहून टाकलेलं असतं.

आपल्या कायद्यात मुलाला बोलतं करण्याच्या जवळ जाणारी एक जागा आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रौढासारखा खटला होऊन दोषी ठरलेल्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंगात नाही, सुरक्षित ठिकाणी ठेवतात. दरवर्षी प्रगती अहवाल जातो. एकविसाव्या वर्षी मुदत उरली असेल तर बाल न्यायालय तपासतं, हा सुधारलाय का, समाजाला उपयोगी पडेल का. हो असेल तर देखरेखीखाली सुटका, नाही तर उरलेली वर्षं तुरुंगात. त्या तपासणीत प्रगतीच्या नोंदी आणि तज्ज्ञांचं मत बघायचं असतं. अशा कागदात काय सहज भरता येतं ते उघड आहे: वर्तणूक चांगली, दहावी पास, सुतारकाम येतं, व्यसन नाही. जिच्यावर गुन्हा झाला ती त्या कलमात कुठेच नाही. पॉक्सोच्या नियमांत आरोपीचा जामीन आणि सुटका यांची माहिती तिला द्यायची तरतूद आहे. तिला काही विचारायची नाही.

हे बदलायला संसदेत जायला नको. वार्षिक प्रगती अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवले तरी सुरुवात होईल. एकात मुलगा स्वतःच्या शब्दांत आपण काय केलं म्हणतो ते, दरवर्षी नव्याने, म्हणजे सोळाव्या वर्षीचं ‘त्यांनी मला अडकवलं’ एकोणिसाव्या वर्षी कुठे पोचलं ते न्यायालयाला दिसेल. आणि एक तिचा, तिला सांगायचं असेल तर. परिविक्षा अधिकाऱ्याने तिच्याकडे एकदा जाऊन विचारायचं. तिने तो कोरा ठेवला तर कोराच पाठवायचा.